लुई बँक्सना तुम्ही ऐकलंय, लावा पैज!

माजरीहून वणीमार्गे आदिलाबादकडे जाणाऱ्या रेल्वेवर मुकुटबन लागतं. यवतमाळ जिल्ह्याचं हे टोक. झरी-जामणी तालुका, जमिनीखाली कोळसा, जमिनीवर सिमेंटचा कारखाना, बाजारात मराठीच्या जोडीला तेलुगू आणि कोलामी. इथल्या चौकात कुणाला विचारलं, ‘काहो भाऊ, एखाद्या जॅझ पियानोवादकाचं नाव सांगता का?’, तर भाऊ आधी तुम्हाला नीट न्याहाळतील, मग चहा सांगतील आणि विषय कापसाच्या भावावर नेतील. पण भाऊंनी चाळिशी ओलांडली असेल तर ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ एवढंच म्हणून बघा. पुढचं गाणं ते स्वतः म्हणतील, हातवाऱ्यांसकट.

म्हणजे जॅझ पियानोवादक भाऊंच्या घरात १९८८ पासून येऊन बसलेला आहे. त्याचं नाव तेवढं कुणी सांगितलं नव्हतं. लुई बँक्स. पियानोवादक, संगीतकार, अरेंजर, मुक्काम मुंबई, ‘भारतीय जॅझचे गॉडफादर’ ही त्यांची ओळख. या माणसाच्या आणि त्याच्या आगेमागे असलेल्या मंडळींच्या काही गोष्टी अशा आहेत की ऐकून शेजाऱ्याला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आजोबा एका देशाचे, नातू दुसऱ्या देशाचा

लुई बँक्स यांचं मूळ नाव डंबर बहादूर बुढापृथी. जन्म दार्जिलिंगचा, ११ फेब्रुवारी १९४१. घराणं नेपाळी. आजोबा बखतबीर बुढापृथी हे नेपाळच्या दरबारातले संगीतकार. १८९९ मध्ये त्यांनी बांधलेली चाल पुढे नेपाळचं राष्ट्रगीत झाली आणि २००६ पर्यंत ती वाजत राहिली. राजेशाही ओसरली तेव्हा ते गीतही गेलं.

आता गंमत बघा. आजोबांच्या चालीवर एक देश उभा राहायचा. नातवानं शेजारच्या देशाचं असं गाणं सजवलं, जे राष्ट्रगीत नाही, तरी लागलं की लोक हातातलं काम थांबवतात. एका घराण्याच्या नावावर अशी दोन गाणी असणं ही जगातही दुर्मीळ गोष्ट असावी.

वडील पुष्कर बहादूर ट्रम्पेट वाजवायचे. हॉटेलांतल्या बँडच्या दुनियेत ते जॉर्ज बँक्स झाले. मुलाचं नवं नावही त्यांनी आपल्या दैवतावरून ठेवलं: अमेरिकन ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगवरून लुई. मुलगा गिटार शिकला, ट्रम्पेट शिकला आणि शेवटी पियानोला चिकटला. मधल्या काळात त्यानं पदवी घेऊन बी.एड.सुद्धा केलं! ‘वाजवायचं ते वाजव, पण आधी हातात डिग्री असू दे’ हे फक्त आपल्याकडचेच आईवडील म्हणतात असा कुणाचा समज असेल, तर तो दूर व्हावा.

पुढे काठमांडूच्या हॉटेलात वडिलांबरोबर वाजवणं, मग १९७० च्या दशकात कलकत्ता. तिथं पार्क स्ट्रीटवरच्या ‘ब्लू फॉक्स’मध्ये गायिका पॅम क्रेन आणि गोव्याचे सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस यांच्यासोबत त्यांचा ‘ब्रदरहुड’ बँड रंगायला लागला. एका रात्री ऐकणाऱ्यांत राहुल देव बर्मन, म्हणजे पंचमदा, होते. पंचमदांनी त्यांना मुंबईला बोलावलं आणि ‘मुक्ती’ (१९७७) या चित्रपटात बँक्स यांचा पियानो वाजला. जेवणाऱ्यांच्या काट्याचमच्यांच्या आवाजात वाजवणारा माणूस असा सिनेमाच्या स्टुडिओत आला.

एकेचाळीस सालचे दोघे

‘मिले सुर’ दूरदर्शनवर पहिल्यांदा लागलं १५ ऑगस्ट १९८८ रोजी, लाल किल्ल्यावरचं पंतप्रधानांचं भाषण झाल्यावर. शब्द पीयूष पांडे यांचे. ते तेव्हा एका जाहिरात कंपनीत नोकरीला होते आणि त्यांचे मसुदे एकामागून एक परत येत होते. गाण्याची सुरुवात पंडित भीमसेन जोशींची, राग भैरवी. आणि या सुरावटीचं सहा मिनिटांचं, चौदा भाषांचं गाणं होताना संगीताच्या बाजूला दोन माणसं होती: अशोक पत्की आणि लुई बँक्स.

पत्की म्हणजे ‘आभाळमाया’ आणि ‘वादळवाट’ची शीर्षकगीतं करणारे आपले पत्की. जाहिरातींच्या जिंगल्सचे बादशहा. त्यांचा जन्मही १९४१ चा. एक मराठी भावगीतात आणि नाट्यसंगीतात मुरलेला, दुसरा पार्क स्ट्रीटच्या जॅझमध्ये. भैरवी चौदा भाषांतून फिरते, प्रत्येक प्रांताचं वाद्य आणि ठेका बदलतो, तरी गाणं तुटत नाही. हे सांधे जुळवणं हेच तर अरेंजरचं काम. मराठीच्या वेळी पडद्यावर तनुजा दिसतात, तेलुगूही आहे. मुकुटबनच्या बाजारातल्या दोन भाषा म्हणजे त्यात आल्या. कोलामी नाही आली, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

२०१० च्या प्रजासत्ताक दिनाला ‘फिर मिले सुर’ आलं. पुन्हा लुई बँक्स, पुन्हा ताऱ्यांची रांग, लांबी सोळा मिनिटं. आठवतंय का त्यातलं काही? मलाही नाही. सहा मिनिटांत जमलं ते सोळा मिनिटांत निसटलं.

अरेंजर म्हणजे नेमका कोण?

चित्रपटाच्या श्रेयनामावलीत ज्याचं नाव वाचायच्या आत पडदा बदलतो, तो. संगीतकार पेटीवर चाल ऐकवतो. त्या चालीच्या आधी काय वाजेल, दोन कडव्यांच्या मधला ‘पीस’ कसा असेल, व्हायोलिनं कुठे शिरतील, ट्रम्पेट कुठे गप्प बसेल, गाणाऱ्याच्या मागे कोणते स्वर धरायचे, हे सगळं अरेंजर ठरवतो आणि साठ-सत्तर वादकांसमोर कागदावर मांडून ठेवतो. कागदावर म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीच्या नोटेशनमध्ये, पाच रेघांत.

ते वाचता कुणाला यायचं? गोवेकरांना. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांत पोरांना नोटेशन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. त्या शिदोरीवर गोव्याची तरुण मुलं मुंबई, कलकत्ता, लाहोर, रंगून अशी पांगली. रात्री हॉटेलात जॅझ, दिवसा स्टुडिओत शिफ्ट. हिंदी चित्रपटगीतांचा जो सुवर्णकाळ आपण म्हणतो, त्यातला सोन्याचा मुलामा बराचसा या मंडळींनी दिलेला आहे.

आणि जॅझ म्हणजे तरी काय? बंदिश एकदा म्हणून घ्यायची, मग प्रत्येकानं पाळीपाळीनं आपला विस्तार करायचा आणि सगळ्यांनी मिळून पुन्हा मुखड्यावर यायचं. ख्याल ऐकणाऱ्या कानाला हे समजायला पाच मिनिटं पुरतात. अडचण पियानोची. त्याच्या दोन पट्ट्यांच्या मधे काही नसतं, मींड घ्यायची सोय नाही. आपल्या शास्त्रीय मंडळींना पट्ट्यांच्या वाद्यांचा एवढा राग की आकाशवाणीनं १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. स्वातंत्र्य आलं, पण पेटीला आत घ्यायला आणखी चोवीस वर्षं गेली!

ताज आणि टेडी

मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबी नावाचे व्हायोलिनवादक अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वादकांचा जॅझ बँड घेऊन आले. मुंबईनं असला बँड आधी ऐकला नव्हता. त्यांच्यामागून ट्रम्पेटवाले क्रिकेट स्मिथ आले आणि पियानोवाले टेडी वेदरफोर्ड.

टेडींचं आयुष्य म्हणजे एक प्रवासवर्णनच. जन्म १९०३ चा, अमेरिकेतल्या व्हर्जिनियाचा. (ताज उघडलं तेही १९०३ मध्येच.) शिकागोत लुई आर्मस्ट्राँगच्या बरोबरीनं वाजवलं, १९२६ मध्ये पूर्वेकडे निघाले आणि शांघायमध्ये राजासारखे राहिले. मायदेशात ज्या माणसाला कातडीच्या रंगामुळे मागच्या दारानं यावं लागलं असतं, त्याची इथल्या बड्या हॉटेलांत पुढच्या दारानं ये-जा होती. युद्धाच्या काळात ते कलकत्त्यात वाजवत होते. तिथंच १९४५ मध्ये, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, पटकीनं गेले. अमेरिकन जॅझच्या इतिहासात त्यांना दोन-चार ओळी मिळतात. पूर्वेकडेच राहिल्याची ती किंमत.

या अमेरिकनांच्या पंगतीला बसून गोवेकर पोरं शिकली. बासरी गुरूसमोर बसून शिकावी तसं नव्हे. रात्रभर शेजारी वाजवायचं आणि पहाटे घरी जाऊन आठवायचं. मिकी कोरिया यांचा बँड तर ताजमध्ये १९३९ पासून वीस वर्षांहून अधिक काळ टिकला. असल्या नोकऱ्या हल्ली सरकारी खात्यातच मिळतात.

मग आली दारूबंदी. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा. बारला कुलूप लागलं की बँडचं पोट कसं भरणार? वादक मोठ्या संख्येनं सिनेमाच्या स्टुडिओंकडे वळले. हा कायदा लागू करणाऱ्या मोरारजी देसाईंना हिंदी चित्रपटसंगीताचे उपकारकर्ते म्हणणं धाडसाचं ठरेल, पण त्यांच्या कायद्याचा हा परिणाम कुणी आधी सांगितला असता तर ते स्वतः दचकले असते.

पुणतांब्याचा चितळकर, आल्डोन्याचा चिक

आता या सगळ्यातला माझा लाडका भाग. रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र. जन्म १९१८, पुणतांबे. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे गाणं शिकले, जिथं वसंतराव देशपांडेही शिकले. म्हणजे पाया अस्सल, विदर्भातला. आणि या माणसानं काय केलं? अंतोनियो झेवियर वाझ नावाच्या गोवेकर ट्रम्पेटवाल्याला आपल्या चमूत घेतलं. बार्देशातल्या आल्डोना गावचा हा वाझ मुंबईत ‘चिक चॉकलेट’ या नावानं गाजत होता. लोक त्याला भारताचा आर्मस्ट्राँग म्हणत.

भगवानदादांचा ‘अलबेला’ आला १९५१ मध्ये. त्यातलं ‘दीवाना ये परवाना’ बघा. पडद्यावर मागे झालरीच्या बाह्यांचे सदरे घालून जो बँड उभा आहे, तो खरोखरचा चिक चॉकलेटचा बँड. नट आणून वाजवल्याचं सोंग केलेलं नाही. चिक स्वतः ट्रम्पेट घेऊन दिसतात. सिनेमात मागे लपवलेला वादक असा तोंडासमोर आलेला फार क्वचित बघायला मिळतो.

‘आशा’तलं (१९५७) ‘ईना मीना डीका’ तर पोरांच्या खेळातल्या गिनतीवरून सुचलं, आणि चितळकरांच्या चमूतले गोवेकर जॉन गोम्स यांनी त्यात कोकणी शब्द घुसवले. किशोरकुमारच्या तोंडी जाऊन ते देशभर फिरले. कोकणी आहेत हे कुणाच्या लक्षात आलं नाही. आणि हेच सी. रामचंद्र २७ जानेवारी १९६३ ला दिल्लीत लताबाईंच्या आवाजात ‘ऐ मेरे वतन के लोगो’ घेऊन उभे होते. तेच पुढे मराठीत ‘घरकुल’मध्ये (१९७०) ‘पप्पा सांगा कुणाचे’ करतात. एका माणसाच्या पोतडीत किती असावं याला काही मर्यादा?

नाव पडद्यावर, माणूस गावाकडे

‘माय नेम इज अँथनी गोन्साल्विस’ ऐकून अमिताभ अंड्यातून बाहेर येतानाचा प्रसंग डोळ्यासमोर येतो ना? अँथनी गोन्साल्विस खरे होते. जन्म १९२७, गाव माजोर्डा, गोवा. व्हायोलिनवादक आणि अरेंजर. त्यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले, राहुल देव बर्मनही शिकले. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलालनी १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’त गुरुदक्षिणा म्हणून ते नाव गाण्यात ठेवलं.

पण अँथनीबाबांचा खरा पराक्रम वेगळा. १९५८ मध्ये त्यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात शंभराहून अधिक वादकांचा ताफा उभा केला आणि भारतीय रागांवर सिम्फनी पद्धतीची रचना वाजवली. गाणारे कोण? लता मंगेशकर आणि मन्ना डे. पुढे १९६५ च्या सुमारास ते अमेरिकेला गेले, परत आले आणि माजोर्ड्याला शांतपणे राहिले. २०१२ मध्ये वारले. देशातल्या लहान पोरालाही त्यांचं नाव ठाऊक होतं आणि त्यांना ओळखत कुणी नव्हतं.

असेच आणखी एक अरेंजर सेबास्टियन डिसोझा. फाळणीआधी लाहोरच्या हॉटेलात बँड चालवायचे, मुंबईत आल्यावर ओ. पी. नय्यर आणि शंकर-जयकिशन यांचे अरेंजर झाले. १९६८ ची ‘रागा जॅझ स्टाइल’ ही तबकडी मिळाली तर जरूर ऐका. शंकर-जयकिशननी अकरा राग जॅझच्या अंगानं बांधले, सतारीवर रईस खान, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग आणि पियानोवर ल्यूसिला पाशेको. हो, एक बाई! पुरुषांनी गजबजलेल्या त्या स्टुडिओत ल्यूसिलाबाई वर्षानुवर्षं पियानोवर होत्या. त्यांच्यावर कुणी धड एक पुस्तक लिहिलेलं नाही, ही आपली सगळ्यांची उधारी.

पाहुणे येती घरा

१९५८ मध्ये अमेरिकन पियानोवादक डेव्ह ब्रुबेक मुंबईत आले. सतारवादक अब्दुल हलीम जाफर खान यांच्याबरोबर त्यांची मैफल जमली. शिवाय एडवर्ड सालदान्हा नावाच्या इथल्या तरुण पियानोवादकाला ऐकून ते एवढे खूश झाले की त्याला अमेरिकेत शिकायला मिळावं म्हणून त्यांनी शब्द टाकला. तो मुलगा ‘डिझी साल’ या नावानं ओळखला जायचा. बोस्टनच्या बर्कली संगीत विद्यालयात जाऊन पोहोचला.

१९६३ मध्ये ड्यूक एलिंग्टन आले. पियानोवादक, संगीतकार, अरेंजर या तिन्ही शब्दांना एकच चेहरा द्यायचा झाला तर तो एलिंग्टन यांचा. दिल्लीत ते आजारी पडून रुग्णालयात दाखल झाले. त्यांचे जोडीदार बिली स्ट्रेहॉर्न मात्र हॉटेलात एका मैनेचं गाणं ऐकत बसले. त्या मैनेची लकेर क्लॅरिनेटवर घेऊन ‘ब्लूबर्ड ऑफ डेल्ही’ झालं, ‘फार ईस्ट सुईट’मधलं. दिल्लीच्या त्या पाखराला रॉयल्टी मिळाली नाही.

पुढच्याच वर्षी, १९६४ मध्ये, खुद्द लुई आर्मस्ट्राँग मुंबईच्या षण्मुखानंद सभागृहात वाजवून गेले. ज्यांच्या नावावरून दार्जिलिंगच्या मुलाचं नाव ठेवलं होतं, तेच हे. तो मुलगा मुंबईत यायला अजून बारा-तेरा वर्षं होती.

आणि १९७८ पासून निरंजन झवेरी यांच्या पुढाकारानं ‘जॅझ यात्रा’ सुरू झाली, धोबीतलावच्या रंगभवनात. उघड्या मैदानावर, तुडुंब गर्दीत, पहिल्याच यात्रेला अमेरिकन सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्स. लुई बँक्स आणि ब्राझ गोन्साल्विस यांनी भारतीय राग आणि जॅझ एकत्र बांधण्याचे जे प्रयोग केले, त्यांना इथं हक्काचं अंगण मिळालं. पुढे न्यायालयाच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत रंगभवन शांतता क्षेत्रात गेलं आणि तिथल्या मैफली बंद झाल्या. मुंबईत लग्नाच्या वरातीचा डीजे चालतो, रंगभवन चालत नाही. याचा अर्थ ज्यानं त्यानं लावावा.

एकाच शर्यतीत दोन घोडे

२००८ मध्ये दोन अल्बम आले. एक ‘माइल्स फ्रॉम इंडिया’, माइल्स डेव्हिस यांच्या रचना भारतीय आणि अमेरिकन वादकांनी मिळून वाजवलेल्या. दुसरा गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन यांचा ‘फ्लोटिंग पॉइंट’, चेन्नईत ध्वनिमुद्रित झालेला. दोन्हींत पट्ट्यांवर लुई बँक्स. दोन्ही अल्बमना पुढच्या ग्रॅमीसाठी नामांकन मिळालं, तेही एकाच गटात! कुठलाही जिंकला तरी बँक्स जिंकणार, अशी बिनतोड व्यवस्था. निकाल लागला आणि पुरस्कार गेला रँडी ब्रेकर यांच्या ‘रँडी इन ब्राझील’ला. दोन तिकिटं काढूनही गाडी चुकते ती अशी.

त्यांचा मुलगा जिनो बँक्स आज देशातला अव्वल ड्रमर आहे.  बखतबीर, जॉर्ज, लुई आणि जिनो अशा संगीताच्या चार पिढ्या तरी आपण नक्की मोजू शकतो.

जाता जाता एक काम सांगतो. घरी कधी ‘अलबेला’ लागला तर भगवानदादांच्या पावलांवरून नजर काढा आणि मागच्या ट्रम्पेटवाल्याकडे बघा. आणि ‘मिले सुर’ लागलं तर यावेळी गायकांचे चेहरे ओळखण्याचा खेळ सोडून एका भाषेतून दुसऱ्या भाषेत गाणं कुठल्या वाद्याच्या खांद्यावरून जातं, तेवढं ऐका. ऐकलंत की मला कळवा, कुठला सांधा आवडला ते.